बंद ठेवलेलं शिलाई मशीन

"जागीच आहेस तू?... अगं, जागीच?"

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहरा संतापाने लाल झाला होता, आणि भर दुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत, खाटेच्या कडेवर भिंतीकडे टक लावून बसलेल्या सुनेला तोंड कुठे लपवावं ते कळेना!

"हॉस्पिटलात रात्रपाळी करून दमून येतेस, म्हणून मशीन बंद ठेवलं मी! शिवायला आलेले कपडे परत पाठवले. आमची बडबडी नात कुजबुजायला शिकली... आणि महाराणी इथे बसल्यात!"

महाराणी! शब्द काळजात रुतला. साथ सुरू झाल्यापासून रोज ती इथे डोळे मिटून झोपेचं सोंग घेत होती, कारण जिने आपल्यासाठी हातचं काम सोडलं, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की झोप येतच नाही?... हल्ली तर लेक गळ्यात पडली तरी आत काही हलत नव्हतं. आपण आई उरलोच नाही, या विचाराने ती मनातून पार खचली होती.

"आई, रागावू नका..." सून म्हणाली. "वॉर्डात पेशंटच्या उशाशी मशीन वाजत असतं, तोवर माणूस असतो. गेला की ते मीच बंद करते... मग जी शांतता होते ना, तीच इथे घरात असते! वाटतं, तुमच्यातलंच कुणीतरी गेलं. मी दाराला कान लावून तुमची चाहूल घेत बसते."

सासूबाई तिच्या शेजारी खाटेवर येऊन बसल्या.

"कर्म माझं! तुला जपता जपता मीच छळत होते गं... बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढं सोडलंत... कसं बोलू?"

"वेडी कुठली! दुखणं आहे हे, लाजायचं काय त्यात? उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येणार बरोबर."

त्यांनी डोळे पुसले, मशीन ओढत आणून खोलीच्या दाराशी लावलं आणि नातीला हाक मारली. खडखड सुरू झाली, पोरीची टकळीही सुरू झाली, आणि ते ऐकता ऐकता सुनेची मान उशीवर कलली.

कापड संपलं, दोराही संपला, तरी सासूबाईंचे पाय थांबले नाहीत.

"आजी, नुसतंच काय चालवतेस?" नात हळूच म्हणाली.

"मोठ्याने बोल बाई," सासूबाई डोळे टिपत म्हणाल्या, "तुझी आई झोपलीय."