दोराचं पलीकडचं टोक

टॉर्च विझवा, पोरांनो, आणि खिदळायचं तेवढं आत्ताच खिदळून घ्या. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका शिंप्याची. खोटी निघाली तर माझ्या मिश्या उतरवा, राहिल्यात तेवढ्या.

शिंप्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, मासे धरण्यात पटाईत. तोंडाने. बादलीत आजवर बेडूकसुद्धा पडला नव्हता. हे, एक मेकॅनिक आणि एक कारकून, असे तीन दिवटे गळ घेऊन लांबच्या दीपगृहाला निघाले. ताईने शिंप्याला बजावलं, "यांना पोहता येत नाही. तू सोबत जा आणि धड परत आण." शिंपी दुकानातून उठला तसाच गेला. गळ्यातली टेप गळ्यातच. त्यावर तिघे वाटभर दात काढत होते.

गेल्या डिसेंबरातला पहिला शनिवार. रात्री साडेनऊला दाजी टोकाच्या खडकावर जाऊन बसले, कारण मोठा मासा म्हणे मोठ्या माणसालाच भेटतो. शिंप्याने त्यांच्या पोटाला दोर बांधला, वर आपली नेहमीची दुहेरी गाठ. दुसरं टोक हातात धरून स्वतः मागे दीपगृहापाशी. ठरलं असं, की शिंप्याने दोन झटके द्यायचे, दाजींनी दोन परत. म्हणजे माणूस जागेवर आहे.

दहाला दिले. दोन आले.

अकराला दिले. दोन आले.

दिव्याचा झोत वरून फिरून जायचा. खाली नुसता फेस.

दीडला शिंप्याने हाक मारली, "दाजी, भरती चढतेय. या आता."

दोर हलला...

दोन झटके.

मग ते न विचारताच येऊ लागले. दोन. थांबून दोन. दोर ताणला. शिंप्याचे पाय घसरले. डोळ्यांपुढे ताई. त्याने दोर सोडला नाही.

"काय शिंपीबुवा, मासा लागला का?"

आवाज मागून आला.

दीपगृहाच्या दारात दाजी. मागे ते दोघे, हसून बेजार. गाठ सुटेना म्हणून पावणेदहालाच चाकूने दोर कापून, अंधारात शिंप्याच्या नकळत आत येऊन पसरले होते हे शहाणे. पोटावर वेढा तसाच, कापलेलं शेपूट लोंबत होतं.

शिंप्याने फक्त हातातला दोर पुढे केला...

दोन झटके.

हसणं बंद. मेकॅनिक पळाला, कारकून त्याच्या आधी. दाजींनी दाराची चौकट घट्ट धरली.

दोर सैल पडला. शिंप्याने तो ओढून घेतला. टोकाला वेढा होता. दुहेरी गाठ, त्याच्याच हातची.

त्याने गळ्यातली टेप काढून त्या वेढ्याला लावली. दाजींची कंबर चव्वेचाळीस.

ही सव्वीस भरली.