दोनशे बाराव्या ओळीवरचा कर्सर

हे मी रचलेलं नाही. रचता आलं असतं तर शेवट तरी धड केला असता.

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवार होता. रात्र वगैरे नाही, चांगली लख्ख दुपार. सव्वातीन. जागा आमच्या दुकानामागची खोली.

आमचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. आमचे हे लिफ्टच्या डक्टमध्ये उतरतात. लिफ्ट चालवणारे प्रोग्राम माझे थोरले दीर लिहायचे. मी शिकले ती भाऊजींच्या खुर्चीमागे चहाचा कप घेऊन उभी राहून. चहा गार व्हायचा. "तू चहा द्यायला येतेस की कॉपी करायला?" असं विचारायचे, आणि खुर्ची जरा बाजूला घ्यायचे. मला दिसावं म्हणून.

त्या शनिवारच्या आठ महिने आधी ते गेले होते. त्याच खुर्चीत.

काम माझ्याकडे आलं. मी लिहिते नव्या लॅपटॉपवर. पण जुन्या लिफ्टच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम तयार होतो तो फक्त भाऊजींच्या जुन्या कॉम्प्युटरवर. आणि त्यावरचं सॉफ्टवेअर नवी प्रोजेक्ट फाईल उघडतच नाही. तोंड फिरवून बसतं. मग ती फाईल नोटपॅडमध्ये घ्यायची, आवृत्तीचा आकडा हाताने कमी करायचा आणि जुन्याला न कळणाऱ्या ओळी कापून टाकायच्या. माहेरचं बरंच काही मागे सोडून सासरी जायचं, तसंच.

भाऊजींची एक सवय होती. काम बंद करण्याआधी कर्सर एका ओळीवर नेऊन ठेवायचे. उद्याचं काम जिथे आहे, त्या ओळीवर. सॉफ्टवेअर ती जागा लक्षात ठेवतं. "सकाळी डोकं जागं नसलं तरी बोट जागेवर पडतं," म्हणायचे.

त्या शनिवारी एका सहा मजली हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम होतं. सकाळी मी प्रोजेक्ट जुन्यावर उतरवला. स्क्रीनवर आलं, चुका शून्य. चिप भरून यांच्या हातात दिली. हे जेवून गेले.

दुपारी मी आणि जाऊबाई काउंटरवर बसलो होतो. त्या वाटाणे सोलत होत्या.

आणि आतून आवाज आला...

टक्. टक्. टक्.

भाऊजींच्या कीबोर्डवरचं खालच्या बाणाचं बटण अडकतं. जोरात दाबावं लागतं. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

जाऊबाईंचा हात शेंगेवरच थांबला.

"तू बंद नाही केलंस वाटतं," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी आत गेले. खोलीत कुणी नव्हतं. पंखा बंद. बाहेरच्या रस्त्याचा आवाजही कसा कोण जाणे, येत नव्हता.

खुर्ची मात्र... जरा बाजूला घेतलेली होती.

स्क्रीनवर हॉस्पिटलच्याच प्रोजेक्टमधली, मी न उघडलेली फाईल उघडी होती. कर्सर दोनशे बाराव्या ओळीवर लुकलुकत होता.

मी सगळं बंद केलं. पुन्हा उघडलं.

दोनशे बारा.

कर्सरची जागा एका छोट्या फाईलमध्ये साठवलेली असते. मी ती फाईलच उडवली. आता बिचाऱ्याला काही आठवायचं कारण नव्हतं. पुन्हा उघडलं...

दोनशे बारा.

तेव्हा कुठे मी ती ओळ वाचली. लिफ्टच्या छतावर उभा राहणारा मेकॅनिक आधी तिथला लाल स्विच टाकतो. मग कुठल्याही मजल्यावरून बटण दाबलं तरी लिफ्ट हलायची नाही. तो भाग या ओळीखाली सुरू होतो. ओळ जागेवर होती. खालचा भागही होता. मग चुकलं काय?

मी सकाळची प्रोजेक्ट फाईल उघडली.

तो भाग घ्यायचा की वगळायचा, ते ठरतं प्रोजेक्ट फाईलमधल्या एका ओळीवरून.

ती ओळ मी सकाळी कापली होती.

म्हणूनच चुका शून्य. घेतलंच नाही त्यात चूक कुठून सापडणार?

हे या वेळी लिफ्टच्या छतावर असणार होते. फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. तोच प्रकार. मग हॉस्पिटलच्या वॉचमनला लावला.

"लिफ्टचा मेन स्विच पाडा. आधी पाडा, मग विचारा."

त्याने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. धावणारी पावलं. मग काहीच नाही...

जाऊबाई दारात उभ्या होत्या. उंबऱ्याच्या आत काही त्या आल्या नाहीत.

"पाडला, बाई," फोनवर वॉचमन धापा टाकत म्हणाला.

मी खालीच बसले. खुर्चीत नाही, फरशीवर.

संध्याकाळी हे घरी आले. बूट काढता काढता म्हणाले, "लाल स्विच टाकला होता मी. तरी पायाखालून सरकली. वीतभर. आणि वीज गेली."

मी सगळं सांगितलं. चूक माझी, असंही म्हटलं.

"चूक तुझी," हे म्हणाले. "बोट कुणाचं?"

चिप मी दुसऱ्या दिवशी नवी भरून दिली. कापायच्या ओळी आता आधी मोठ्याने वाचते. जाऊबाई समोर बसून ऐकतात, कळत काही नसलं तरी. वर्षभर तो कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागला.

गेल्या गुरुवारी सकाळी सुरू केला, तर एक प्रोजेक्ट उघडाच होता. मी त्याला कधी हातही लावलेला नाही. आमच्याच इमारतीच्या लिफ्टचा. भाऊजींनी स्वतः लिहिलेला.

कर्सर चाळीसाव्या ओळीवर.

ती ओळ मी पन्नास वेळा वाचली असेल. काही चुकलेलं नाही. यांनी लिफ्ट वरपासून खालपर्यंत तपासली. ठणठणीत आहे, म्हणाले. आणि चार मजले जिन्याने चढून आले.

लिफ्टला मी पाटी लावलीय, बंद आहे म्हणून. शेजारी कुरकुरतात. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या मला एकदाही विचारत नाहीत, किती दिवस.

आज दुपारी आम्ही दोघी काउंटरवर होतो. आतून पुन्हा आवाज आला...

टक्. टक्. टक्.

भाऊजींनाही चूक अजून सापडलेली नाही वाटतं. कर्सर आता त्रेचाळीसवर आहे.