एक खाट अंतर

त्या दुपारचं आपल्याला किती खरोखर आठवतं आणि किती मागाहून मनाने जोडलं, याची प्राध्यापकांना आज खात्री नाही. कोणी विचारलंच तर ते आधी तेवढं कबूल करून टाकतात. यंत्रशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने पुराव्याशिवाय बोलू नये, असं त्यांचं त्यांनाच वाटतं. पण एवढं नक्की, की भर दुपार होती, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि काम अगदी साधं होतं. एक यंत्र बघायचं, ठीक वाटलं तर सही करायची आणि मुलीच्या घरी जेवायला जायचं.

यंत्र जावयाच्या कारखान्यातलं होतं. मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती इथेच.

"आडनावं वेगळी आहेत, बाबा. कोण विचारतंय?" गाडी चालवता चालवता जावई हसला.

"कोणी विचारत नाही, म्हणूनच मी विचारतोय."

"मला मुलगी देताना एवढे प्रश्न विचारले नव्हतेत तुम्ही!"

"तीच चूक पुन्हा नको."

जावई मोठ्याने हसला, पण जरा जास्तच वेळ हसत राहिला. प्राध्यापकांनी तेही मनात नोंदवलं.

कारखान्यातला मोठा हॉल आजवर माणसांशिवाय चालत होता. छताला भिडलेल्या रॅकवरून यंत्रमानव माल काढायचे, ठेवायचे, आणि वरून ड्रोन फिरून खोके मोजायचे. आता पुढच्या आठवड्यापासून तिथे माणसंही काम करणार होती, त्याच गल्ल्यांमधून, त्याच ड्रोनखाली. ड्रोन जेवणाच्या टेबलाएवढा, पाती विळ्यासारखी. माणूस समोर आला आणि तो थांबला नाही, तर डोकं शाबूत राहायचं नाही. तो थांबतो की नाही, हे बाहेरच्या जाणकाराने पाहून सांगायचं होतं. जावयाची बढती त्या सहीवर अडली होती. लेकीने सकाळीच फोन करून, "बाबा, उगाच फाटे फोडू नका हं," असं बजावलं होतं.

हॉलच्या बाहेर काचेची लांब भिंत होती. तिच्याशी नियंत्रणाचं टेबल, आणि टेबलाशी पन्नाशीच्या एक ऑपरेटर बाई. सगळे त्यांना ताई म्हणत. काचेपलीकडे मात्र काळाकुट्ट अंधार.

"दिवे गेलेत का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"दिवे लावतच नाही, सर. आत बघणारं कोण आहे?" ताई म्हणाल्या.

"मग याला अंधारात माणूस दिसतो कसा?"

"दिसायचं असं नाही... माणूस असला की कळतं घारीला." ड्रोनला तिथे सगळे घारच म्हणत. ताईंनी बोलता बोलता जावयाकडे पाहिलं, आणि जावयाने पटकन पुढचं बोलून घेतलं. "माणसापासून एक खाट मावेल एवढ्या अंतरावर ती थांबते, बाबा. तिच्यावरचा दिवा हिरव्याचा पिवळा होतो. ना जास्त, ना कमी."

हे दोघं काहीतरी झाकताहेत, असं प्राध्यापकांच्या मनाने घेतलं.

पाहुण्यांसाठी ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवून ते एकटेच आत गेले. पाठीमागे दार सरकून बंद झालं आणि ऊन, माणसं, आवाज, सगळं एकदम तुटलं. हातातली वॉकीटॉकी तेवढी मधूनमधून खरखरत होती. तेलाचा, नव्या पुठ्ठ्याचा, तापलेल्या रबराचा वास. कुठेतरी खोलवर पट्टे सरकत होते. टॉर्चच्या उजेडात ते गल्लीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. मागे वळलं की काचेपलीकडे ते दोघं उजेडात दिसत होते, फिशटँकमधल्या माशांसारखे.

"सोडा," ते म्हणाले.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गुणगुण सुरू झाली. हिरवा ठिपका अंधारातून सरळ त्यांच्या दिशेने येऊ लागला. मोठा होत गेला. आणि मध्येच थांबला. पिवळा झाला.

पण किती लांब! मध्ये तीन खाटा सहज मावल्या असत्या.

"जरा आधीच थांबली," वॉकीटॉकीवर जावई म्हणाला. "पण धोका नको म्हणून तेही बरंच की."

हे दोघं तिला टेबलावरून हाताने थांबवताहेत, प्राध्यापकांना वाटलं. हसण्याचा, नजरेचा, मध्येच तोडलेल्या वाक्याचा अर्थ लागला आणि त्यांना एकाच वेळी संताप आला आणि हायसंही वाटलं. लबाडी असेल तर ती कळण्यासारखी गोष्ट होती.

"टेबलापासून दूर व्हा दोघं. माइक चालूच राहू द्या आणि हात काचेवर ठेवा, मला दिसतील असे."

"बाबा, माझ्यावर विश्वास नाही?"

"यंत्राच्या बाबतीत माझा माझ्यावरही नाही. ठेवा हात."

चार तळवे काचेला चिकटले. पांढरेफटक. प्राध्यापकांनी पुन्हा समोर पाहिलं.

पिवळा दिवा पुढे सरकत होता.

हिरवा झाला नव्हता. म्हणजे समोर माणूस आहे, असंच घारीला अजून वाटत होतं. तरी ती येत होती. संथ, मध्येच अडखळत, पुन्हा सरकत. ती ज्या चालीने येत होती ती यंत्राची चाल नव्हती. पुढे कोणीतरी म्हातारं माणूस सावकाश चालत असावं आणि मागच्याने अदबीने अंतर राखावं, तशी ती येत होती. प्राध्यापकांनी टॉर्च रोखला. उजेडात रिकामी फरशी होती. दोन खाटा... दीड...

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही काही करताय?"

"आमचे हात काचेवर आहेत, सर..." ताईंचा आवाज घोगरा झाला होता. "सर, तुम्ही बाहेर या..."

घार थांबली. अगदी बरोबर एका खाटेवर. पात्यांचा वारा त्यांच्या चेहऱ्यावर येत होता, पण डावी बाजू मात्र वाऱ्यापासून झाकल्यासारखी होती. कोणीतरी खांद्याला खांदा लावून उभं राहावं तशी. आणि त्या माणसं नसलेल्या हॉलमध्ये साबणाचा वास आला. काम संपवून, हातपाय धुऊन घरी निघालेल्या माणसाला येतो तसा.

"बरोब्बर!" वॉकीटॉकीवर जावई आनंदाने ओरडला. "बघा बाबा, आता एक खाट! म्हटलं होतं ना!"

प्राध्यापक वळले आणि दाराकडे चालू लागले. धावावंसं वाटत होतं, पण धावलं तर बरोबरचंही धावेल, हा विचार कुठूनसा आला आणि त्यांनी पाऊल आवरलं. गुणगुण मागोमाग येत राहिली, तेवढंच अंतर राखून. समोरच्या काचेत पिवळा दिवा त्यांच्या डोक्यामागे तरंगताना दिसत होता. दार सरकलं. त्यांनी उंबरा ओलांडला, तसा दिवा हिरवा झाला आणि घार मोकळी होऊन भर्रकन आत निघून गेली.

त्यांनी सही केली नाही.

"कारण काय सांगू वरती?" जावयाने विचारलं. त्याचा चेहरा पडला होता.

"सांग की ती नसलेल्या माणसासाठी थांबते."

"बाबा, नसलेल्या माणसासाठी थांबली तर बिघडलं काय? असलेल्यासाठी थांबते ना?"

प्राध्यापकांनी पेन खिशात ठेवून दिलं. बढती गेली. लेक कित्येक महिने फक्त कामापुरतं बोलली आणि एकदा गोड बोलून त्यांना विसराळूपणाच्या डॉक्टरकडेही घेऊन गेली. पुढे दुसऱ्या जाणकाराने सही केली, माणसं हॉलमध्ये गेली, आणि काही म्हणता काही झालं नाही. कोणाला ओरखडासुद्धा नाही. दरवर्षी ते ऐकून प्राध्यापकांना बरं वाटायचं आणि त्याच वेळी आत काहीतरी खचायचं. एका म्हाताऱ्याच्या भीतीपायी आपण लेकीच्या संसारात खो घातला, दुसरं काय?

बऱ्याच वर्षांनी, राहवेना म्हणून, त्यांनी ताईंना शोधून काढलं. त्या निवृत्त झाल्या होत्या. सुरुवातीला त्या टाळत होत्या, मग बोलल्या.

"घारीला डोळे नव्हते, सर. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये चिप असायची, तिच्यावरून तिला माणूस कळायचा."

"माझ्याही?"

"पाहुण्यांच्या हेल्मेटमध्ये बसवायची राहून गेली होती. पुढच्या तपासणीत निघालं ते. साहेबांना, म्हणजे तुमच्या जावयांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही तिला दिसतच नव्हता, सर. सरळ अंगावर आली असती."

प्राध्यापकांनी खुर्ची पुढे सरकवली.

"त्याच्या आधीही थांबायची का ती? रिकाम्या गल्लीत?"

"रोज." ताईंनी मान खाली घातली. "सेन्सरचा दोष आहे, आत्ता बोलू नका, असं साहेब म्हणायचे."

"आणि नंतर?"

ताईंनी वर पाहिलं. त्यांची नजर प्राध्यापकांवर नव्हती. जरा डावीकडे होती.

प्राध्यापकांनी पुढे जावयाला विचारलं, ज्यांनी सही केली त्यांनाही विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. प्राध्यापक येऊन गेल्यापासून त्या हॉलमध्ये घार रिकाम्या जागी एकदाही थांबली नव्हती.