डाव्या पायाची पोटरी

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन एकच दिवस झाला होता. वॉर्डात शिरले तर एक उंच, सडपातळ माणूस त्यांना वॉकर धरून चालवत होता.

"अहो, जरा दया करा…" मी म्हणाले.

"दयाच करतोय." त्याने वळून पाहिलं. डोळे हसरे होते, आवाज मात्र ठाम. "मोठ्या ऑपरेशननंतर पडून राहिलं की पायात रक्त साकळतं. ती गुठळी फुप्फुसात पोचली, तर जिवावर बेततं."

तो फिजिओथेरपिस्ट होता. घरी आल्यावरही तो रोज व्यायामाला येऊ लागला. बाबा, आयुष्यभर बस चालवलेले, त्याला हवालदार म्हणायचे.

"तुमची मुलगी माझ्याकडे रागाने बघते," एकदा तो म्हणाला.

"बघते ना? मग झालं," बाबा म्हणाले. मी स्वयंपाकघरात पळाले.

दहाव्या दिवशी बाबांची डावी पोटरी ठणकू लागली. तेल कोमट करून मी चोळायला बसणार, तोच तो आला.

"थांबा. हात लावू नका."

एवढंच. त्याने टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी तीन सेंटिमीटरने जाड, आणि गरमही. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा कुठल्या कुठे गेली. डॉक्टरांना फोन, गाडी, सोनोग्राफी… सगळं तासाभरात. गुठळीच निघाली.

"पोटरी चोळली असती तर गुठळी सुटून वर गेली असती कदाचित. वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मी माझ्या हातांकडे बघत बसले होते. "माझ्याच हातून…" मी म्हणाले.

"तुमच्या हातून काहीही झालेलं नाही," तो हळूच म्हणाला. बाबांना इंजेक्शन देऊन खोलीत आणेपर्यंत तो तिथून हलला नाही. दुसऱ्या पेशंटना फोन करून तो उशिराबद्दल माफी मागत होता. इतकी शांत माया मी कुणात पाहिली नव्हती.

तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालल्या. मग त्या बंद झाल्या, आणि बाबा काठीशिवाय कोपऱ्यापर्यंत जाऊन आले.

"उद्यापासून माझं काम नाही," जिन्यात तो म्हणाला. दोन पायऱ्या उतरला… थांबला. "पेशंटच्या घरी बोलू नये, म्हणून गप्प होतो. मला तुम्ही आवडता. फार. पण उपकार वाटून हो म्हणू नका — हवा तेवढा वेळ घ्या."

"उपकाराचे आभार मी त्याच दिवशी मानले," मी म्हणाले. "हे वेगळं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही येण्याच्या अर्धा तास आधीपासून मी खिडकीत असते… तीन महिने झाले."

तो मटकन पायरीवर बसला, आणि त्याने सरकून माझ्यासाठी जागा केली.