निळ्या पाण्यातली उपासमार

पाणी काचेसारखं नितळ झालं होतं. होडीतून वाकून पाहिलं, तर तळाच्या वाळूवरचे शिंपले मोजता येत होते. वेळशी बंदरावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वर्षांच्या शलाका पावशेला मात्र एक गोष्ट खटकत होती. पाण्यात लावलेल्या पडद्याबाहेरच्या हिरवट, गढूळ पाण्यात कुरव पक्षी सूर मारून मासे उचलत होते. या सुंदर निळ्या पाण्याकडे त्यांच्यातला एकही फिरकत नव्हता. असं का?

२०५८ सालची ही गोष्ट. बंदर सुशोभन मंडळाने ‘निर्मळ’ नावाचा यंत्रमानव आणला होता. दिसायला कासवासारखा, पाठीवर सौरपत्रे, पोटात भलीमोठी गाळणी. महिनाभरात त्याने खाडीतला प्लास्टिकचा कचरा वेचून काढला होता, आणि गावाला त्याचं कौतुक होतं. आता त्याने मोठ्या पडद्याने वेढलेल्या एका चौकटीतलं पाणी गाळून निळं करून दाखवलं होतं. पुढच्या महिन्यापासून तो सगळी खाडी अशीच निळी करणार होता. निळं पाणी पाहायला पर्यटक येतील, असं मंडळाच्या अध्यक्षा भालेकरबाईंचं म्हणणं होतं.

“निर्मळ, तू पाण्यातून काय काढलंस?” शलाकाने विचारलं.

“हिरवी घाण,” निर्मळ म्हणाला. “पाणी स्वच्छ करणं हे माझं काम आहे.”

शलाकाने बाहेरचं हिरवट पाणी बाटलीत भरलं आणि ती थेट आत्याकडे धावली. तिची आत्या, डॉ. हेमलता, समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करायची. आत्याने थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. “घाण कशी दिसते ती बघ.”

शलाकाने डोळा लावला आणि ती बघतच राहिली. थेंबात काचेच्या नाजूक डब्या तरंगत होत्या. गोल, तिकोनी, साखळीसारख्या एकमेकींना जोडलेल्या. प्रत्येकीच्या आत सोनेरी-हिरवा ठिपका.

“हे वनस्पती-प्लवक,” आत्या म्हणाली. “म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. समुद्राचं गवतच म्हण ना. पण हे गवत फक्त वरच्या प्रकाशित थरात वाढतं. खुल्या समुद्रात हा थर फार तर दोनशे मीटर खोल. त्याखाली पुरेसं ऊन पोहोचत नाही.”

“आणि याला खत कोण घालतं?”

“छान विचारलंस! मेलेले जीव, विष्ठा, सगळं खाली बुडतं आणि खत खोलवर साठतं. ऊन वर, खत खाली. पावसाळ्यातले वारे वरचं पाणी लोटतात, तेव्हा काही ठिकाणी खालचं थंड, खतदार पाणी वर येतं. नद्याही गाळ आणतात. ऊन आणि खत भेटलं की पाणी हिरवं होतं.”

तेवढ्यात थेंबातून एक मिशीवाला जीव टुणकन उडी मारून गेला. शलाका दचकली.

“तो प्राणी-प्लवक, म्हणजे वाहत्या पाण्यातला चिमुकला प्राणी. तो हे गवत खातो. त्याला बांगडा खातो. तारली तर गवतही खाते आणि त्यालाही. आणि या दोघांना?”

“सुरमई!” शलाका म्हणाली. “आणि सुरमईला आपण!” मग तिने पुन्हा थेंबाकडे पाहिलं. “आत्या, म्हणजे निर्मळने कुरणच कापून टाकलं.”

दुसऱ्या दिवशी तिने हे भालेकरबाईंना सांगितलं; निळ्या पाण्यात मासे नाहीत, म्हणून पक्षीही येत नाहीत, हेही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांना पटलंही नाही. “अगं, चौकटीला पडदा आहे. मासे आत येणार कुठून? त्यात पाण्याचा काय दोष?”

शलाका गोंधळली. बाईंचं म्हणणं खरंच होतं. घरी परतताना ती अर्ध्या वाटेवर थांबली आणि उलट पावली पळत आली. “मग शेजारी दुसरी चौकट लावू या! पडदा तोच, पाणी मात्र न गाळलेलं. दोन्हींत तारलीची शंभर-शंभर पिल्लं सोडू. फरक फक्त हिरव्या रंगाचा राहील.”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. “दहा दिवस देते. मग सभेत सांग.”

शलाकाच्या बाबांनी आपल्या होडीतून पिल्लं आणली. निर्मळ रोज कॅमेऱ्याने त्यांची लांबी-जाडी मोजायचा आणि शलाका ती वहीत उतरवायची. पाचव्या दिवसापासून निळ्या पाण्यातली पिल्लं सुस्तावली. दहाव्या दिवशी फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. हिरव्यातली गुबगुबीत, निळ्यातली सुकलेली.

सभेत शलाका वही घेऊन उभी राहिली. तिने दोन्ही चौकटींचे आकडे वाचले. “निळं पाणी दिसायला सुंदर आहे, पण ते उपाशी पाणी आहे. जगात दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ अर्धा हे समुद्रातलं गवत तयार करतं. आपण त्याला घाण म्हणत होतो.”

“मग हिरवं तितकं चांगलंच का?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही,” शलाका म्हणाली. “सांडपाणी सोडलं की गवत माजतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. कुठलं हिरवं कसलं, हे मोजून ठरवायला हवं.”

निर्मळच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. “मला ‘स्वच्छ’चा अर्थ अपुरा शिकवला होता. मोजायचं काम मी करू शकतो.”

खाडी गाळू नये असं वाटणाऱ्यांचे हात वर झाले. पहिला हात भालेकरबाईंचा होता. खाडी गाळण्याचा बेत रद्द झाला.

त्याच दुपारी पडदे उघडले. पिल्लं बाहेरच्या पाण्यात सुटली, आणि हिरवा रंग हळूहळू निळ्यात पसरत गेला. बाबा एरवी कुणाचं तोंडभरून कौतुक करत नसत. आज मात्र धक्क्यावरच्या प्रत्येक होडीवाल्याला थांबवून ते सांगत होते, “तीस वर्षं मी या पाण्यावर आहे. हिरव्या पाण्यात मासा असतो, एवढं मला ठाऊक होतं. का असतो, ते आज माझ्या लेकीने सांगितलं!”

शलाकाला लाजायला झालं, पण तिची मान ताठ होती. आत्याने समुद्राचा मोठा नकाशा उघडला. त्यावर प्लवक मोजण्याची जागा म्हणून पहिला ठिपका पडला तो वेळशीचा. शेजारी निरीक्षकाचं नाव होतं शलाका पावशे.

“बाकीचा किनारा कोरा आहे,” आत्या म्हणाली.

“बंदरं पुष्कळ आहेत,” शलाका म्हणाली, “आणि प्रत्येक बंदरात माझ्याएवढी मुलं आहेत.” तिने शेजारच्या बंदरातल्या शाळेला पत्र लिहायला घेतलं.