चौकटीआड गेलेली पावलं

सुतार गिनोचा मुलगा नेरी याने चौकट चित्रावर बसवली, आणि क्रुसावरच्या ख्रिस्ताची दोन्ही पावलं दिसेनाशी झाली.

चौकटीच्या खालच्या पट्टीवर त्याने अख्खा हिवाळा खपून द्राक्षवेल कोरली होती. नेमकी तीच आडवी आली होती. शिडीवर रंगाने माखलेली एक मुलगी उभी होती... चित्रकार तादेओंची धाकटी लेक, दियानोरा.

“एवढा लांबलचक माणूस फ्लोरेन्समध्ये कुठं पाहिलात?” नेरीने विचारलं. “मापं तर तुमच्या बाबांनीच दिली होती.”

“बाबांचा हात थरथरतो, म्हणून चित्र मी रंगवलं. आणि हल्ली असेच उंच देह काढतात. सुतारांना नसेल माहीत.”

“मग पावलं जरा वर घ्या की.”

“करंगळीसुद्धा हलवणार नाही.”

आवाज ताठ होता, पण डोळे भरले होते. उत्तम शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, चर्चमधली मंडळी त्या पावलांच्या जखमांपुढेच गुडघे टेकायची. पावलं दिसली नाहीत तर चित्र परत येणार, आणि चित्र परत आलं की बाबा तिला जोगीण व्हायला मठात धाडणार. तसं त्यांनी बजावूनच ठेवलं होतं. तिने ते नेरीला एका दमात सांगून टाकलं.

नेरीने तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चौकट उतरवून करवत उचलली.

“अहो, वेल कापताय?”

“दोघांनीही हट्ट धरला, तर चित्र लागायचं कधी?”

द्राक्षांचे घोस भुशात पडत गेले. दियानोराचा जीव गलबलला. तिच्या हट्टापायी आजवर कुणी स्वतःचं काही कापलं नव्हतं. चौकट पुन्हा चढली, पावलं मोकळी दिसली, आणि तिने मनाशी पक्कं केलं.

“नेरी, मला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा.”

“मी... म्हणजे... तुमचे बाबा दारात उभे आहेत.”

“मग त्यांना विचारा.”

कानापर्यंत लाल होत नेरीने विचारलं.

“चित्रकाराची लेक सुताराच्या पोराला द्यायची?” तादेओ कडाडले. “लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

दियानोराने क्रुसाकडे बोट केलं. “बाबा, ह्याच्या घरी काय काम चालायचं? सुतारकीच ना?”

तादेओंनी चित्राकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “ती कड नीट घासा. शुक्रवारी लोक यायचेत.”