फुगा सोडू का?

"फुगा सोडू का?"

फोन उचलल्या उचलल्या कुणी असं विचारलं, तर माणसानं काय बोलावं? ती विमानतळाच्या टॉवरमध्ये सगळ्यात नवी. जेमतेम तिसरा दिवस. चारी बाजूंनी काचा असलेल्या त्या उंच खोलीत समोर लांबलचक धावपट्टी, डोक्यावर अख्खं आकाश, कानात वैमानिकांचे आवाज... आणि मध्येच हा कोण फुगेवाला?

"राँग नंबर," ती म्हणाली आणि फोन आपटला.

मागे बसलेल्या बाई खुर्चीतून पडायच्याच बाकी राहिल्या. बाई म्हणजे तिला शिकवणाऱ्या, वीस वर्षं विमानं उतरवून केस पांढरे केलेल्या. "अगं चिमणे, हवामान खात्याचा माणूस तो! धावपट्टीपलीकडं ऑफिस आहे त्यांचं. रोज दुपारी पांढरा फुगा सोडतात, खाली यंत्राची डबी बांधून. वर वारा किती, थंडी किती, ते ती डबी कळवते. पण विमानाच्या वाटेत फुगा यायला नको ना? म्हणून आधी आपल्याला विचारायचं. आपण 'सोडा' म्हटलं की सोडणार, 'थांबा' म्हटलं की थांबून पुन्हा विचारणार. आणि जे म्हणशील ते लगेच वहीत लिहायचं. वेळेसकट. काय?"

"लिहायचं," चिमणी पुटपुटली. टॉवरमध्ये तिला सगळे चिमणीच म्हणायचे.

फोन परत वाजला.

"मी मघाचा राँग नंबर," तोच आवाज, आता हसू दाबत. "आता तरी सोडू का?"

झालं! तेव्हापासून रोज साडेचार वाजत आले, की चिमणीचा हात आपोआप केस सारखे करायचा. फोनवर केस दिसतात का? नाही. पण हाताला कोण सांगणार!

"आज फुगा ऐकत नाहीये हो. नुसता ओढ काढतोय."

"त्याला सांगा, आधी एक विमान उतरेल, मग त्याचा नंबर."

"मी सांगून काय उपयोग? तो तुमचंच ऐकतो."

"लबाड!"

"फुगा ना?"

"दोघंही."

तिनं त्याला कधी जवळून पाहिलं नव्हतं. काचेतून पलीकडच्या गच्चीवर फक्त एक काळा ठिपका दिसायचा, आणि त्याच्या डोक्यावर एक पांढरा. एकदा तिनं हळूच दुर्बिणीला हात लावला, तर बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "ती विमानं बघायला असते गं." चिमणीनं दुर्बीण अशी ठेवली, जशी काही तापलेली कढईच!

तीन महिने असे गेले. चिमणीची शेवटची परीक्षा आठ दिवसांवर आली. पास झाली, की माइकसमोर ती एकटी बसणार, मागे कुणी नाही. नाही झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं वर्ष. आणि आई तर शेजारीपाजारी आधीच सांगून बसलेली... "आमची मुलगी विमानं उतरवते!"

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं.

त्या दुपारी दोन विमानं उतरायला येत होती, एक निघायच्या तयारीत. बाई दुसऱ्या फोनवर. फुगेवाल्याचा फोन आला, तो काहीतरी बोलला, ती खुदकन हसली, उत्तर दिलं, फोन ठेवला आणि विमानाकडं वळली. वही तशीच राहिली.

दहा मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. "डावीकडं मोठा पांढरा फुगा. अगदी जवळून गेला."

विमान सुखरूप उतरलं. चिमणीनं वही ओढली. रकाना कोरा! आणि आपण काय म्हणालो होतो? थांबा? की... सोडा? तिला फक्त स्वतःचं हसणं आठवत होतं.

बाईंनी तिच्या कानावरचा हेडफोन हळूच काढून घेतला. ओरडल्यासुद्धा नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर ती बाकावर बसली होती. शेजारी एक उंच, सावळा मुलगा. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, तळव्याला दोरीचे वळ. तो मघापासून घसा खाकरत होता.

"पाणी प्या ना," ती न राहवून म्हणाली.

त्यानं झटकन वळून पाहिलं. "तुम्ही... राँग नंबर?"

बाई गं! इतक्या वेळा मनात रंगवलेली पहिली भेट, आणि हिचे डोळे रडून सुजलेले, नाक लालभडक!

"ऐका," तो भरभर बोलू लागला, "तुम्ही 'थांबा' म्हणालात. मी थांबलो. वीस मिनिटं धरून उभा होतो, मग वाऱ्यानं फुगा हातातच फुटला. पण हे कुणाला पटणार? त्यापेक्षा मी सांगतो, न विचारताच सोडला. तुमची परीक्षा आहे."

"अजिबात नाही." ती ताठ बसली. "माणसं बसलेली असतात वर. त्यांच्या बाबतीत खोटं बोलून मला पास व्हायचं नाही."

तेवढ्यात दार उघडलं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "हातातच फुटला? बरा वेळेवर फुटला!" ते म्हणाले. "टॉवरचा प्रत्येक फोन टेप होतो, हे माहितीये ना दोघांना?"

माहीत होतं. पण तीन महिन्यांत दोघांनाही त्याचा साफ विसर पडला होता. चिमणीनं कोपऱ्यात बसलेल्या बाईंकडं पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

टेप सुरू झाली. त्याचा आवाज. "आज फुगा माझ्यापेक्षा जास्त बडबडतोय." मग तिचं हसणं. भर खोलीत, स्वच्छ, खुदकन. आणि मग त्याच्या गच्चीजवळून निघालेल्या विमानाचा असा प्रचंड घरघराट, की त्यात तिचं उत्तर बुडूनच गेलं. पुढं फक्त तिनं फोन ठेवल्याचा आवाज.

साहेबांनी सुस्कारा सोडला. "हे तर काहीच कळत नाही." त्यांचा हात बटणाकडं गेला.

"बंद करू नका!" फुगेवाला ताडकन उठला. मग एकदम लाल झाला. "म्हणजे... मी रिसीव्हर टेबलावरच ठेवला होता, लाइन चालूच होती. पुढचंही आलं असेल. मला ते... नको होतं ऐकायला कुणी. पण ऐका साहेब. प्लीज."

टेप चालू राहिली. खुडबुड. मग कुणा म्हाताऱ्याचा आवाज. "काय रे, काय म्हणाली?"

"थांबा म्हणाली, काका."

"मग दात काय काढतोस?"

"ती थांबा म्हणाली की बरं वाटतं, काका... पुन्हा एकदा फोन करायला मिळतो."

फुगेवाला स्वतःच्या बुटांकडं बघत होता. आणि चिमणी? तिच्या छातीवरचा दगड उतरला, तो असा उतरला, की तिला एकाच वेळी हसू आणि रडू यायला लागलं.

"तो पांढरा फुगा एका दुकानाच्या जाहिरातीचा होता," साहेब शांतपणे म्हणाले. "दोरी तुटून उडालेला. आज सकाळीच सापडला."

"म्हणजे टेप नसती लावली तरी..." फुगेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"नसतं चाललं. हिनं काय सांगितलं, ते कळायलाच हवं होतं. वही कोरी होती. ती चूक आहेच, आणि महिनाभर सगळ्यांच्या नोंदी हीच तपासेल. परीक्षा ठरलेल्या दिवशी." साहेबांनी चष्मा काढला. "आणि त्या फोनवर यापुढे फक्त कामाचं. बाकीचं काय ते बाहेर."

बाईंनी दारात तिच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला. "जा. तोंड धुऊन ये आधी."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दोघं कुंपणाच्या कडेनं चालत राहिले.

"तुम्ही ते... ऐकलंत सगळं," तो शेवटी म्हणाला. "राग आला?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग थांबली, इकडंतिकडं पाहिलं.

"गेल्या मंगळवारी मी तुम्हाला सात मिनिटं थांबवलं होतं. आठवतं?"

"हो. विमान येतंय म्हणालात."

"एकही विमान नव्हतं."

"खोटं बोलून पास व्हायचं नाही म्हणणारी तीच ना तुम्ही?"

"त्यात कुणी वर बसलेलं नव्हतं," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. "आणि साहेबांना सांगाल तर बघा!"